एका पानावर पाच वर्षं: दिनविशेषाची रोजनिशी कशी पारखावी

पानाच्या माथ्यावर त्या तारखेचा दिनविशेष छापलेला आणि त्याखाली एकाखाली एक पाच कप्पे. वरच्या कप्प्यात यंदाची नोंद, त्याखालच्यात पुढच्या वर्षीची, अशी पाच वर्षं एकाच पानावर उतरत जातात. पानं ३६६. साल छापलेलं नसतं, ते आपण घालायचं. वारही नसतो, कारण साध्या वर्षात तीच तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकते आणि मध्ये २९ फेब्रुवारी आली तर दोन. हे परीक्षण कोणा एका कंपनीच्या वहीचं नाही, या सबंध प्रकाराचं आहे. या रोजनिशांचा आराखडा जवळपास सारखाच असतो आणि त्या फसतातही त्याच त्याच जागी.

निकाल आधीच सांगायचा तर वस्तू घेण्यासारखी आहे, पण दुकानात उभं राहून पाच-सात पानं उघडून बघितल्याशिवाय घेऊ नये. कागद वाईट असेल तर ते पहिल्या आठवड्यात कळतं. दिनविशेष वाईट असेल तर कळायला वर्ष जातं. तोवर पहिले सगळे कप्पे भरलेले असतात आणि वही बदलायची सोय राहत नाही.

पहिलं पान उघडायचं ते ७ नोव्हेंबरचं. हे एक पान नीट वाचलं की संपादकाने किती कष्ट घेतलेत त्याचा अंदाज येतो. या तारखेला मेरी क्युरी (१८६७) आणि चंद्रशेखर वेंकट रामन (१८८८) जन्मले. दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांना १९०३ मध्ये आणि यांना १९३० मध्ये. अणुविखंडनाचा अर्थ उलगडणाऱ्या लीझ माइटनर यांचा जन्मदिवसही सगळीकडे ७ नोव्हेंबर १८७८ असाच दिला जातो, मात्र व्हिएन्नातल्या ज्यू समाजाच्या जन्मनोंदवहीत १७ नोव्हेंबर लिहिलेलं आहे. फ्रेंच लेखक आल्बेर काम्यू यांचा जन्म १९१३ चा, याच तारखेचा. आणि १९१७ ची रशियन क्रांतीही याच पानावर येते, जिला सारं जग ‘ऑक्टोबर क्रांती’ म्हणतं. आता बघायचं ते हे की नोव्हेंबरच्या पानावर ‘ऑक्टोबर क्रांती’ छापताना खाली एक ओळ खुलासा दिला आहे का. रशियात तेव्हा ज्युलियन दिनदर्शिका चालू होती, तिच्यानुसार तो दिवस २५ ऑक्टोबर होता. एवढी एक ओळ असेल तर वही विश्वासाची. खुलासा नसेल तर संपादकाने कुठूनतरी यादी उचलून पानांवर वाटून टाकली असण्याचीच शक्यता जास्त. आणि क्रांती २५ ऑक्टोबर आणि ७ नोव्हेंबर अशा दोन्ही पानांवर वेगवेगळी घटना म्हणून छापलेली दिसली, तर वही सरळ जागेवर ठेवावी.

दिनविशेषातल्या बहुतेक चुकांचं मूळ जुनी ज्युलियन आणि आजची ग्रेगोरियन या दोन दिनदर्शिकांत आहे, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. १५८२ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांच्या आदेशाने इटली, स्पेन, पोर्तुगाल, पोलंड या देशांत गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर थेट शुक्रवार १५ ऑक्टोबर उजाडला. ज्युलियन वर्ष खऱ्या सौरवर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठं होतं आणि शतकानुशतकं साचलेला फरक काढून टाकायचा होता. ब्रिटनने ही सुधारणा १७५२ पर्यंत लांबवली. तिथे २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर आला. रशियात १९१८ साली ३१ जानेवारीनंतर १४ फेब्रुवारी, ग्रीसमध्ये १९२३ साली १५ फेब्रुवारीनंतर १ मार्च. स्वीडनने तर हळूहळू बदलायचं ठरवून १७०० चा लीप दिवस गाळला, पुढचे दोन गाळायचे राहून गेले, शेवटी मागे फिरायचं ठरलं आणि १७१२ मध्ये ३० फेब्रुवारी पाळावी लागली. फरक किती दिवसांचा धरायचा तेही शतकावर अवलंबून आहे. १७०० पर्यंत १० दिवस, अठराव्या शतकात ११, एकोणिसाव्यात १२ आणि मार्च १९०० पासून १३. म्हणजे ‘जुन्या तारखेत तेरा दिवस मिळवा’ हा सरसकट नियम सतराव्या शतकातल्या घटनेला लावला की तीन दिवसांची चूक ठरलेली.

शिवराज्याभिषेकाचं उदाहरण घ्या. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. इंग्रजांच्या कागदपत्रांतून आलेली ६ जून १६७४ ही तारीख जुन्या पद्धतीची, कारण इंग्रज तेव्हा ज्युलियन दिनदर्शिका वापरत होते. ग्रेगोरियन पद्धतीने तो दिवस १६ जून. रूढ झालेली तारीख ६ जूनच आहे, तेव्हा वहीने ती त्याच पानावर ठेवावी. पण शेजारी तिथी आणि ‘जुनी पद्धत’ एवढे शब्द असले की पान वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही. तिथी आणि तारीख एकमेकींपासून सरकत राहतात आणि साधारण १९ वर्षांनी पुन्हा जवळ येतात, कारण १९ सौरवर्षांत जवळपास नेमके २३५ चांद्रमास बसतात. पाच वर्षांच्या वहीत त्या जुळण्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

दुसरं पान २५ डिसेंबर. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२ असा छापलेला असतो, आणि जोडीला बहुतेक वेळा ‘गॅलिलिओच्या मृत्यूच्या वर्षीच न्यूटन जन्मला’ हे वाक्य. ऐकायला गोड, पण ते दोन दिनदर्शिका मिसळून तयार झालं आहे. गॅलिलिओचा मृत्यू ८ जानेवारी १६४२ चा, इटलीच्या नव्या पद्धतीने. न्यूटनचा जन्म इंग्लंडच्या जुन्या पद्धतीने. दोन्ही नव्या पद्धतीत आणले तर न्यूटन ४ जानेवारी १६४३ ला जन्मतो. दोन्ही जुन्या पद्धतीत नेले तर गॅलिलिओ २९ डिसेंबर १६४१ ला जातो. कोणत्याही एका पद्धतीत वर्ष एक येत नाही. हे वाक्य ज्या वहीत असेल तिच्या बाकी पानांकडे जरा जास्त बारकाईने बघावं.

असाच गुंता २३ एप्रिलच्या पानावर. शेक्सपियर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हांटिस ‘एकाच दिवशी’ वारले, असं छापलेलं सापडतं. दोघांच्याही नावापुढे २३ एप्रिल १६१६ लागते हे खरं, पण स्पेन तेव्हा नव्या पद्धतीवर होता आणि इंग्लंड जुन्या. त्यामुळे शेक्सपियरचा मृत्यू प्रत्यक्षात दहा दिवसांनंतरचा, नव्या पद्धतीने ३ मे. सर्व्हांटिसचं निधन बहुधा २२ चं आणि दफन २३ चं. युनेस्कोने १९९५ मध्ये जागतिक पुस्तक दिनासाठी हीच तारीख निवडली, तेव्हा ती पानावर हवीच. ‘एकाच तारखेला’ लिहिलं असेल तर बरोबर, ‘एकाच दिवशी’ लिहिलं असेल तर चूक. संपादक किती जपून शब्द वापरतो ते अशा एका शब्दावरून कळतं.

जॉर्ज वॉशिंग्टन यांची गोष्ट याहून एक पायरी पुढची. जुन्या नोंदीत ११ फेब्रुवारी १७३१, आज सगळीकडे २२ फेब्रुवारी १७३२. अकरा दिवसांचा फरक समजण्यासारखा आहे, पण वर्षही का बदललं? कारण इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींत तेव्हा कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले २४ दिवस मागच्या वर्षात धरले जात. १७५२ पूर्वीची इंग्रजी तारीख या तीन महिन्यांतली असेल तर साल दोनदा तपासलंच पाहिजे.

दिनदर्शिकेनंतरचा चकवा घड्याळाचा. ईगल यान चंद्रावर उतरलं ते २० जुलै १९६९, जागतिक वेळेनुसार रात्री ८ वाजून १७ मिनिटांनी. आर्मस्ट्राँगने पाऊल ठेवलं ते त्याच वेळेनुसार २१ जुलैला पहाटे २ वाजून ५६ मिनिटांनी. अमेरिकेत तेव्हा २० तारखेची रात्र होती, भारतात २१ च्या सकाळचे ८ वाजून २६ मिनिटं झाली होती. म्हणून दोन्ही पानं बघायची. ‘यान उतरलं’ आणि ‘पाऊल ठेवलं’ या दोन घटना वेगळ्या आहेत हे वहीला माहीत आहे का? पर्ल हार्बरवरचा हल्ला हवाईत ७ डिसेंबर १९४१ च्या सकाळचा, टोकियोत तेव्हा ८ तारीख लागली होती. युरोपातल्या महायुद्धाचा शेवट ८ मे १९४५, पण शरणागती अमलात यायची वेळ रात्री ११ नंतरची होती आणि मॉस्कोत तेव्हा मध्यरात्र उलटली होती, म्हणून रशियात विजयदिन ९ मे. टायटॅनिक १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी हिमनगावर आदळली आणि १५ च्या पहाटे २ वाजून २० मिनिटांनी बुडाली. चांगली वही अशा ठिकाणी क्रियापद नेमकं वापरते. ‘टायटॅनिक दुर्घटना’ एवढंच छापलेलं असेल तर ते कोणत्याही पानावर टाकता येतं, आणि तेच त्यातलं दुबळेपण.

काही तारखा मुळातच नक्की नाहीत. बेथोव्हेनचा बाप्तिस्मा १७ डिसेंबर १७७० ला झाला, जन्माची नोंद नाही. १६ डिसेंबर हा अंदाज आहे. शेक्सपियरचा बाप्तिस्मा २६ एप्रिल १५६४ चा, २३ एप्रिल हा जन्मदिवस परंपरेने धरलेला. अशा ठिकाणी ‘बाप्तिस्मा’ किंवा ‘परंपरेनुसार’ हा एक शब्द पुरतो आणि जागाही खात नाही.

आता पाच वर्षांच्या वहीचा खास दोष, जो एका वर्षाच्या डायरीत खपून जातो. ‘शंभरावी पुण्यतिथी’, ‘जन्मशताब्दी वर्ष’, ‘दीडशे वर्षं पूर्ण’ असलं काहीही या वहीत छापलेलं नसावं. पहिल्या वर्षी ते बरोबर असेल, पुढची चार वर्षं चूक. नुसतं साल छापलेलं हवं, वजाबाकी वाचणारा करतो. हयात व्यक्तींचे वाढदिवसही टाळलेले बरे. पाच वर्षं मोठी असतात. इसवी सनापूर्वीच्या घटना असतील तर तिथेही एक गोम आहे. इसवी सनात शून्य वर्ष नाही, म्हणून इ.स.पू. ४९० च्या मॅरेथॉनच्या लढाईला २०१० मध्ये २४९९ वर्षं झाली, २५०० झाली २०११ मध्ये. दोन्ही सालांची बेरीज करून एक वजा करायचा. जगात २०१० लाच २५०० वर्षांचा सोहळा झाला, तेव्हा ही चूक किती सहज होते ते दिसतंच.

एका पानावर किती नोंदी असाव्यात? एक, फार तर दोन. आठ-दहा नोंदी बारीक टायपात कोंबलेल्या वह्या भरगच्च दिसतात, पण तिसऱ्या आठवड्यापासून वरचा भाग कोणी वाचत नाही. डोळा सरळ कप्प्यावर जातो. एकच नोंद पण तिच्यात धरायला काहीतरी हवं. १७ डिसेंबरच्या पानावर ‘राइट बंधूंचं पहिलं उड्डाण, १९०३’ एवढंच असेल तर ते शाळेपासून माहीत आहे. ‘पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं, १२० फूट. त्याच दिवशीचं चौथं ५९ सेकंदांचं, ८५२ फूट. नंतर वाऱ्याच्या झोताने विमान उलटून मोडलं आणि ते पुन्हा कधी उडालं नाही’ असं असेल तर वाचणारा थांबतो. तीस शब्दांच्या आत सकाळ, दुपार आणि शेवट, सगळं आलं. हीच ताकद खालच्या कप्प्यात स्वतःच्या नोंदीत आणायची असते. वरचा मजकूर चांगला असला की खालचं लिखाण आपोआप सुधारतं. अशी वही पारखताना दिनविशेषावर एवढा वेळ घालवायचा तो म्हणूनच.

४ जुलैचं पानही बघून घ्यावं. अमेरिकी स्वातंत्र्याचा ठराव मंजूर झाला तो २ जुलै १७७६ ला, जाहीरनाम्याचा मसुदा स्वीकारला गेला ४ जुलैला, बहुतेक सह्या झाल्या २ ऑगस्टला. ‘४ जुलैला सह्या झाल्या’ छापणारी वही नापास. याच तारखेला १८२६ मध्ये, बरोबर पन्नास वर्षांनी, जॉन ॲडम्स आणि थॉमस जेफरसन हे दोघेही माजी राष्ट्राध्यक्ष वारले. हे दोघे एकाच दिवशी, अगदी खरंखुरं.

शंका आली तर पडताळायचं कसं? विकिपीडियावर वर्षातल्या प्रत्येक तारखेचं स्वतंत्र पान आहे, पण तिथे थांबू नये. त्या व्यक्तीचं किंवा घटनेचं मूळ पान उघडावं. तारखांच्या याद्या अनेक हातांनी भरलेल्या असतात, जुनी-नवी पद्धतीचा खुलासा मात्र बहुतेक वेळा मूळ पानावर असतो.

वरच्या भागाची परीक्षा झाली, आता कागद आणि रेघा.

साधारण आकार ए-५, म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर. वर दिनविशेषाला ३५ मिलिमीटर आणि खाली १० मिलिमीटर समास सोडला तर १६५ उरतात, म्हणजे प्रत्येक कप्प्याला ३३. इथे मराठीत लिहिणाऱ्याने रेघांमधलं अंतर मोजूनच घ्यावं. अनेक वह्यांत ते ६ मिलिमीटर असतं, रोमन अक्षरांना ते पुरतं. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, रुकार असतात. ६ मिलिमीटरमध्ये वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो आणि दोन वर्षांनी स्वतःचंच अक्षर लागत नाही. ८ मिलिमीटर असेल तर कप्प्यात चार ओळी सुटसुटीत बसतात. ओळीला सात-आठ शब्द धरले तर एका दिवसाला तीसेक शब्द. पाच वर्षांचे दिवस १८२६, म्हणजे पंचावन्न हजारांच्या आसपास शब्द. एका बऱ्यापैकी पुस्तकाएवढा ऐवज रोजच्या चार ओळींतून जमतो. अजिबात रेघा नसलेले कप्पे टाळावेत, कारण घाईच्या दिवशी अक्षर उतरत जातं आणि तिसरी ओळ कप्प्याबाहेर पडते.

३६६ पानांना कागद लागतात १८३. ८० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणाऱ्या) ए-५ कागदाचं वजन अडीच ग्रॅम, म्हणजे नुसता कागदच साडेचारशे ग्रॅमच्या वर आणि जाडी साधारण १८ मिलिमीटर. १०० जीएसएम घेतलं तर पावणेसहाशे ग्रॅमच्या घरात. पिशवीत घेऊन फिरायची असेल तर ८० पुरे, टेबलावरून हलणारच नसेल तर १०० उत्तम. ७० च्या खालचा साधा कागद असेल तर शाईचं पेन विसरावं. तिथे शाई पाठीमागे उमटते, आणि पाठीमागे दुसऱ्या दिवसाचं पान आहे. त्यामुळे एका दिवसाची शाई फुटली की दोन दिवसांच्या नोंदी बिघडतात, त्याही पाच-पाच वर्षांच्या. पातळ असूनही शाई धरणारे खास कागद मिळतात, पण त्यांच्यावर शाई उशिरा वाळते. लिहून लगेच वही मिटली की समोरच्या पानावर उलटा छाप उठतो. टिपकागदाची एक पट्टी वहीतच ठेवावी. तिचा आणखी एक उपयोग पुढे येतो.

बांधणी जुजबंदीची, म्हणजे घड्या दोऱ्याने शिवलेली हवी. नुसत्या गोंदावर चिकटवलेली वही पाच वर्षांत १८२६ वेळा उघडण्याच्या लायकीची नसते. साधारण मधली पानं, जून-जुलैची, आधी सुटतात, कारण तिथे वही सर्वांत सपाट उघडावी लागते. ओळखायचं कसं? वही मधोमध उघडून घडीत बघावं, दोरा दिसला पाहिजे. आणि वरून कण्याकडे पाहिलं तर घड्यांचे छोटे छोटे गठ्ठे वेगवेगळे दिसले पाहिजेत. खुणेची फीत एक असली तर चालते, दोन असतील तर फार सोय होते: एक आजच्या पानाला, दुसरी मागे राहिलेल्या पानाला.

पेनाबद्दल एकच सक्त सूचना. घासून पुसता येणारी जेल शाई या वहीत कधीही वापरू नये. ती उष्णतेने उडते. सुमारे ६० अंशांना अक्षरं गायब होतात, आणि उन्हात उभ्या गाडीत, काचेजवळ ठेवलेली वही तितकी तापू शकते. पिगमेंट शाईचं जेल किंवा साधं बॉलपेन सर्वांत भरवशाचं. बॉलपेन मात्र दाबून लिहू नये, पातळ कागदावर मागे वण उठतात.

आता लिहायचं काय. या वहीचं खरं मोल खालच्या कप्प्यांत आहे, आणि वरचा मोठा इतिहास बघून पुष्कळ जण तिथेच बिचकतात. वर साम्राज्यं कोसळताहेत, खाली आपण नळाचं काय लिहायचं? नळाचंच लिहायचं. इंग्रज रोजनिशीकार सॅम्युअल पेपीसने लंडनच्या १६६६ च्या महाआगीचं वर्णन लिहिलं, आणि त्याच रोजनिशीत त्याने आपली वाइन आणि परमेझान चीज बागेत खड्डा खणून पुरल्याचीही नोंद आहे. साडेतीन शतकांनंतर ते चीज विसरता येत नाही. लेखक काफ्काने २ ऑगस्ट १९१४ ला दोनच गोष्टी लिहिल्या: जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारल्याचं, आणि दुपारी पोहायला गेल्याचं. फ्रान्सचा राजा सोळावा लुई याच्या रोजनिशीत १४ जुलै १७८९ पुढे एकच शब्द आहे, ‘Rien’, म्हणजे ‘काही नाही’. ती वही मुख्यतः शिकारीची होती, त्या दिवशी शिकार मिळाली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. त्याच दिवशी पॅरिसमध्ये बास्तीय हा तुरुंगाचा किल्ला लोकांच्या हाती पडला. तुमच्या वहीच्या १४ जुलैच्या पानावर संपादकाने हा शब्द दिला असेल तर त्याला रोजनिशी म्हणजे काय ते कळलं आहे.

नोंद टिकते ती वस्तू, नाव, आकडा यांनी. ‘दिवस बरा गेला, थोडी दगदग झाली’ ही नोंद दोन वर्षांनी वाचली तर त्यातून काहीही परत येत नाही. ‘नळाचा वायसर बदलला, गळती थांबली. आईचा फोन, गुडघा आता बरा, जिना चढली. संध्याकाळी वीज ४० मिनिटं गेली, गॅलरीत बसलो’ यातून तो सबंध दिवस उभा राहतो. वीसेक शब्दच आहेत. मन कसं होतं ते लिहायला हरकत नाही, पण त्याच्या शेजारी कारण हवं. ‘अस्वस्थ’ याला अर्थ नाही. ‘निकालाचा मेल आला नाही, तीनदा बघितला’ याला आहे. दिनविशेषावरचं मतही कप्प्यात यायला हवं, अधूनमधून. ९ नोव्हेंबरच्या पानावर १९८९ ची बर्लिनची भिंत आहे आणि १९३८ ची ज्यूविरोधी हिंसाचाराची रात्रही आहे. जर्मनीने राष्ट्रीय दिन ३ ऑक्टोबरला का ठेवला हे त्या पानावर उमजतं. त्या दिवशी नळाचं राहिलं तरी चालेल.

दुसऱ्या वर्षापासून वहीचा स्वभाव बदलतो. लिहायला बसलं की वर गेल्या वर्षीची नोंद समोर असते. इथे एक गडबड होते: आधी ती वाचली की आजची नोंद तिला उत्तर दिल्यासारखी होते, ‘गेल्या वर्षीपेक्षा बरं’, ‘यंदाही तसंच’. अशी चार वर्षं गेली की पानावर तुलनाच उरते, दिवस उरत नाहीत. टिपकागदाची पट्टी इथे कामाला येते. ती जुन्या कप्प्यांवर ठेवून आधी आजचं लिहावं, मग पट्टी काढून वाचावं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि वहीची किंमत दुप्पट करणारं.

राहिलेले दिवस हा सगळ्यांचाच अडथळा. नियम सोपा ठेवावा: तीन दिवसांपर्यंतचं मागचं भरावं, त्यापलीकडचं कोरं सोडावं. आठ-दहा दिवसांचा बॅकलॉग आठवून आठवून भरायला बसलं की त्या नोंदी सारख्या दिसतात, आणि मग कंटाळून वही बंद होते. रिकामा कप्पा पुढची चार वर्षं डोळ्यांसमोर राहतो हे खरं, पण त्याच्या खालचा भरला की तो खुपेनासा होतो. सुरुवात १ जानेवारीलाच करायची गरज नाही. साल आपणच घालतो, तेव्हा १९ ऑगस्टला सुरू केली तरी पाच वर्षं पाचच राहतात.

पर्यायांचं थोडक्यात. रोज फाडायच्या पानांच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दिनविशेष मिळतो, पण लिहायला जागा नसते आणि पान फाडलं की तारीख गेली. मोबाइलचं अ‍ॅप फोटो घेतं, शोध देतं, आठवण करून देतं. मात्र त्यातला दिनविशेष अमर्याद असतो, आणि प्रवासात टाइम झोन बदलला की नोंद भलत्या तारखेला पडू शकते. अ‍ॅप घ्यायचंच तर नोंदी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये बाहेर काढता येतात का ते पहिल्याच दिवशी करून बघावं. ज्यातून मजकूर बाहेर निघत नाही ते अ‍ॅप पाच वर्षांसाठी वापरू नये.

शेवटी २९ फेब्रुवारीचं पान. पाच वर्षांत ही तारीख बहुधा एकदाच येते. लीप वर्षाच्या सुरुवातीलाच वही सुरू केली तर दोनदा, जसं २०२४ ते २०२८ या वहीत. त्यामुळे या पानावर तीन किंवा चार कप्पे कोरे राहणारच. काही प्रकाशक इथे पाचऐवजी दोनच मोठे कप्पे छापतात. ती चांगली खूण आहे, कोणीतरी बसून विचार केल्याची. पाच कप्पे असतील तर रिकामे वाया घालवू नयेत. छापील दिनविशेषात सापडलेल्या चुका तिथे लिहाव्यात, पान, छापलेली तारीख, खरी तारीख अशा तीन शब्दांत. खालच्या कप्प्यात कोणत्या महिन्यापासून कोणतं पेन वापरलं त्याची नोंद ठेवावी. पाच वर्षांनी एखाद्या भागातली शाई फिकी पडलेली दिसली, तर पुढच्या वहीसाठी कोणतं पेन घ्यायचं नाही ते याच पानावर मिळतं.